गाफील आणि बेसावध: दादरच्या एका टेबलावरचा आवृत्तीबदल

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. दादरला माझ्या घरी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या टेबलावरचा सर्वांत जुना पॅलाडिन (धर्मयोद्धा) मेला. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांच्या जोरावर गोष्टीतली पात्रं खेळायच्या खेळात, पात्रं मरतात, त्याचं दुःख आम्ही आधीही पचवलं आहे. पण या वेळी खेळ सहा महिन्यांहून जास्त बंद पडला. सात वर्षं एका ताटात फासे टाकणारी माणसं एकमेकांशी तुटक बोलू लागली आणि एक जण कायमचा उठून गेला. या सगळ्याला कारण झाली ती खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती आणि ती हाताळताना मी, डीएम (गोष्ट चालवणारा आणि नियमांवर निर्णय देणारा) म्हणून, केलेली चूक. ज्यांच्या टेबलावर हाच वाद चालू आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितो.

टेबल

आम्ही २०१७ च्या पावसाळ्यात सुरुवात केली. तेव्हा २०१४ चं प्लेयर्स हँडबुक (खेळाडूंचं नियमपुस्तक), म्हणजे पाचवी आवृत्ती, चांगली रुळलेली होती. दादर ठरलं कारण मध्य आणि पश्चिम रेल्वे तिथे भेटतात. माणसांना इथे त्यांच्या पात्रांच्या नावाने ओळखा: पॅलाडिन डोंबिवलीहून येतो, विझार्ड (जादूगार) मुलुंडचा, ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) पार्ल्याची आणि आमचा हेर गिरगावचा. (पुस्तकात त्या वर्गाचं, म्हणजे पात्राच्या प्रकाराचं, नाव रोग आहे. मराठीत ते आजारासारखं ऐकू येतं, म्हणून पहिल्याच दिवशी हेर झालं.) रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, त्यामुळे आमचा खेळ सुरू होण्याची वेळ मी ठरवत नाही, ती ब्लॉकचं वेळापत्रक ठरवतं.

फासे आम्ही स्टीलच्या परातीत टाकतो. खालच्या मजल्यावरच्या आजींना दुपारी आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून परातीत जुनी शाल अंथरलेली असते. तिच्यावर पडलेल्या फाशाचा आवाज येत नाही, म्हणून सगळे आत डोकावतात. दान काय पडलं हे पाच डोकी एकदम बघतात. मला हा खेळातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

आम्ही मराठीत खेळतो. असं ठरवून झालं नाही, हळूहळू होत गेलं. हिट पॉइंट्सचे ‘प्राण’ झाले. शॉर्ट रेस्ट म्हणजे ‘विसावा’, लाँग रेस्ट म्हणजे ‘मुक्काम’. कॉन्सन्ट्रेशन म्हणजे ‘ध्यान’, आणि मार बसला की विचारायचं, ध्यान मोडलं का? प्रोफिशियन्सीला ‘हातखंडा’, एक्झॉशनला ‘दमछाक’. पात्र शून्यावर आलं की डेथ सेव्हिंग थ्रो टाकावे लागतात, त्याला आम्ही ‘घटका’ म्हणतो. ‘पॅलाडिन घटका मोजतोय’ असं कुणी म्हटलं की टेबलावरचं हसणंखिदळणं आपोआप थांबतं. आणि शत्रूने अचानक गाठलं तर तुम्ही ‘गाफील’. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा.

हे शब्द कुठेही लिहिलेले नव्हते. ते आमच्या तोंडात होते, आणि पुढचा घोळ तिथूनच सुरू झाला.

पुस्तक बदलतं तेव्हा

आवृत्ती बदलली की भांडण होतं, हे या छंदाला नवीन नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. १९८९ ला दुसरी आवृत्ती, २००० ला तिसरी, २००३ ला साडेतीन, २००८ ला चौथी. चौथी आली तेव्हा तर घरच फुटलं. साडेतीनवर प्रेम करणाऱ्यांसाठी पायझो कंपनीने २००९ मध्ये पाथफाइंडर हा वेगळा खेळ काढला आणि ते लोक तिकडे गेले. हे शक्य झालं कारण तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम २००० पासून ओपन गेम लायसन्सखाली, म्हणजे ओजीएलखाली, इतरांना वापरायला खुले होते. त्याच्याच आधारे २००६ मध्ये ऑस्रिक नावाने जुन्या ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तीचे नियम नव्याने मांडले गेले. जुनी आवृत्ती प्रेमावर जगते असं आपण म्हणतो, आणि प्रेम लागतंच. पण ती छापायची, वाटायची, शिकवायची मुभा नसेल तर ते प्रेम कपाटात पडून राहतं.

ती मुभा जानेवारी २०२३ मध्ये जाते की काय असं वाटलं. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या, खेळ छापणाऱ्या कंपनीच्या नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. त्यात जुनं ओजीएल रद्दबातल करण्याची भाषा होती आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरवर उत्पन्न असणाऱ्यांकडून रॉयल्टी घेण्याची योजना. जगभरातले खेळाडू उसळले. २७ जानेवारीला कंपनी मागे हटली, जुनं ओजीएल तसंच ठेवलं आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स या, सगळ्यांना वापरायला मोकळीक देणाऱ्या लायसन्सखाली दिले. आमचा मुलुंडचा विझार्ड त्या महिन्यात फार दुखावला होता. बाकीचे आम्ही ‘मागे घेतलं ना, झालं’ म्हणून पुढे गेलो. तो गेला नव्हता, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये नवं प्लेयर्स हँडबुक आलं. कंपनीने त्याला सहावी आवृत्ती म्हटलं नाही, जुन्या साहसांबरोबर ते चालेल असं सांगितलं, आणि साहसांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, डी अँड डी बियाँड या त्यांच्या ऑनलाइन सेवेवर जुन्या पात्रांच्या कागदांतले मंत्र नव्या नियमांनी बदलले जाणार असं जाहीर झालं होतं. ओरड झाली आणि काही दिवसांत तो निर्णयही मागे घेतला गेला. विकत घेतलेल्या पुस्तकातला मजकूर कुणीतरी दुरून बदलू शकतं, ही भीती मात्र मनात राहिली.

नवं पुस्तक आमच्या टेबलावर आणलं माझ्या भाचीने. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, दिवाळीत फायटर (लढवय्या) घेऊन आमच्यात आली. तिने जुनं पुस्तक कधी उघडलेलंच नाही. तिला का उघडावंसं वाटावं? दुकानात नवं मिळतं, मित्रमैत्रिणींकडे नवं आहे, ती बघते ते व्हिडिओ नव्याचे आहेत. उलट बाजूने, आमच्यातल्या कुणाकडून तीन नव्या पुस्तकांचा खर्च मी मागू शकत नव्हतो. अमेरिकेतली छापील किंमत तेव्हा प्रत्येकी ४९.९९ डॉलर होती, म्हणजे संच १२ हजार रुपयांच्या वर.

मग मी तोडगा काढला: ज्याने त्याने आपापल्या पुस्तकाने खेळावं. तेव्हा मला तो फार समजूतदार वाटला होता.

तो रविवार

घाटातली वाट, धुकं, दगडांमागे सांगाड्यांचे तिरंदाज. सकाळच्या लढाईत ड्रुइडचे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याचा मोजका साठा, संपलेले, पॅलाडिनची हात ठेवून बरं करण्याची पुंजीही संपलेली. मी म्हटलं, “तुम्ही सगळे गाफील.”

२०१४ च्या नियमात गाफील माणसाची पहिली पाळी जाते. हलता येत नाही, काही करता येत नाही. २०२४ च्या नियमात पाळी जात नाही. इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारं दान) टाकताना दोन फासे टाकून कमी पडलेला घ्यायचा, एवढंच. मी एकच शब्द उच्चारला आणि टेबलाने तो दोन अर्थांनी ऐकला. चौघे हात बांधून बसले. भाचीने दोन फासे टाकले, चौदा आणि सतरा. चौदा घेतले, तरी तिरंदाजांच्या आधी तिची पाळी आली. ती पुढे धावली, एका सांगाड्याला आडवं पाडलं आणि कड्याच्या आडोशाला गेली. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मग तिरंदाजांना उघड्यावर दिसला तो सगळ्यांत पुढे उभा असलेला, पाळी गमावलेला पॅलाडिन.

दुसऱ्या फेरीत पॅलाडिनने दोन घाव घातले आणि दोन्हींवर डिव्हाइन स्माइट, म्हणजे घावाला दैवी जोर, लावला. जुन्या पुस्तकात स्माइटला वेगळी कृती लागत नाही, घाव बसला की स्लॉट खर्चून लावता येतो. दोन सांगाडे कोसळले. भाची म्हणाली, “काका, नव्यात हा मंत्र आहे, बोनस ॲक्शन लागते. एका पाळीत एकदाच होतो.” (बोनस ॲक्शन म्हणजे पाळीत मुख्य कृतीशिवाय मिळणारी छोटी कृती.) मी म्हटलं, “त्यांचं जुनं आहे.” ती गप्प झाली, पण तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता आणि तो रास्त होता.

तिसऱ्या फेरीत पॅलाडिनचे अकरा प्राण उरले. त्याने औषधाची कुपी उघडली. जुन्या नियमात त्यात अख्खी कृती जाते, म्हणजे त्या पाळीत घाव नाही. सात प्राण परत आले. त्याच फेरीत भाचीनेही कुपी प्यायली, नव्या नियमाने बोनस ॲक्शनमध्ये, आणि वर दोन घाव घातले. पॅलाडिन तिच्याकडे बघत होता. नंतर बाण आले आणि तो शून्यावर गेला.

पहिली घटका: सात. अपयश. दुसरी टाकताना त्याने फासा मुठीत बराच वेळ धरून ठेवला. परातीत आम्ही सगळे वाकलो. शालीवर एक पडलेला दिसला. एक पडला की दोन अपयशं धरतात. तीन झाली, आणि पॅलाडिन मेला.

ड्रुइड लगेच म्हणाली, “मुक्काम झाला की मी परत आणते तुम्हाला.” तिच्याकडे रीइन्कार्नेट होता, नवं शरीर देणारा. त्या मंत्राच्या मजकुरात एक अट आहे: आत्मा मोकळा आणि राजी असला पाहिजे. पॅलाडिनला ती अट पाठ होती. त्याने पात्राच्या कागदाची चौकोनी घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, “राजी नाही.” मग चपला घालून स्टेशनकडे गेला.

त्या रात्री मी दोनदा हिशेब मांडला, एकदा सगळे जुन्याने, एकदा सगळे नव्याने. तो वाचलाच असता असं कुठल्याही हिशेबात निघत नाही, फासे आहेत ते. पण सगळे जुन्याने खेळले असते तर भाचीचीही पहिली पाळी गेली असती आणि बाण वाटले गेले असते. सगळे नव्याने खेळले असते तर त्याला कुपी आणि घाव दोन्ही एका पाळीत मिळाले असते, दुसरा स्माइट मिळाला नसता. माझ्या तोडग्याने प्रत्येकाला एकेक सवलत दिली आणि दुसऱ्याची सवलत डोळ्यांत खुपेल अशी समोर मांडून ठेवली. फाशाने मेलेलं पात्र माणूस सोसतो. शेजारी बसलेल्याला वेगळा कायदा होता म्हणून मेलेलं पात्र सोसवत नाही.

बंद पडलेले महिने

डिसेंबरभर फोनवर वाद झाला. पॅलाडिनचं म्हणणं, सात वर्षांची मोहीम ज्या नियमांनी सुरू झाली त्यांनीच संपली पाहिजे. भाचीचं म्हणणं, मग माझ्यासारख्यांनी कुठे जायचं? तिच्या चार मैत्रिणींना टेबल हवं होतं. विझार्डने वेगळाच मुद्दा काढला: २०२३ मध्ये जे झालं त्यानंतर या कंपनीच्या कुठल्याच आवृत्तीत राहू नये, पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीकडे जावं. तिघांचंही मला पटत होतं, आणि तिघांनाही मी ‘बघू’ म्हणत राहिलो.

ड्रुइडला आणि हेराला मी काही विचारलंच नव्हतं. जानेवारीत ड्रुइडचा आवाजी निरोप आला, तो मी इथे आशयाने देतो. ती म्हणाली की सात वर्षांत तिने इंग्रजी पुस्तक एकदाही वाचलेलं नाही. हेरानेही नाही. आम्ही सांगतो तो नियम, असंच ती खेळत आली. २०१४ की २०२४ या भांडणात तिला जागाच नाही, कारण तिच्यासाठी दोन्ही पुस्तकं मीच आहे. आणि मी एका रविवारी दोन तोंडांनी बोललो.

हे ऐकून मला जागच्या जागी थांबल्यासारखं झालं. आम्ही आवृत्तीवर भांडत होतो, पण टेबलावरची दोन माणसं कुठल्याच आवृत्तीत नव्हती. ती आमच्या बोलण्यात होती. मराठीत खेळतो याचा मला अभिमान होता. पण ते मराठी नियम माझ्या तोंडात राहिले होते, म्हणजे ते कुणाला तपासता येत नव्हते आणि माझ्याशी वादही घालता येत नव्हता. छंद वाढावा, नवी मुलं यावीत, असं आपण सगळे म्हणतो. आमच्या टेबलाचं दार मात्र इंग्रजी पुस्तकाच्या रुंदीचंच राहिलं होतं.

वही

२०२५ चा पाडवा रविवारी आला, ३० मार्चला. ड्रुइडने सगळ्यांना पार्ल्याला जेवायला बोलावलं. पॅलाडिन आला, याचं श्रेय तिचं. श्रीखंड संपेपर्यंत खेळाचा विषय कुणी काढला नाही. मग ठरलं: आपले नियम मराठीत लिहायचे, आणि लिहिताना एकेका नियमावर सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा.

एप्रिलमध्ये एसआरडी ५.२ आला, म्हणजे २०२४ च्या नियमांचा गाभा, आणि तोही क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये. या लायसन्सची अट एवढीच की मूळ स्रोताचं श्रेय द्यायचं आणि बदल केले असतील तर तसं सांगायचं. भाषांतर करा, वाटा, विका. आणि दिलेली मुभा परत घेता येत नाही. एसआरडी ५.१ फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्ये कंपनीनेच दिला होता. मराठीची वाट बघण्यात अर्थ नव्हता, आणि गरजही नव्हती. एसआरडीत सगळं नाही हे खरं. प्रत्येक वर्गाची एकच उपशाखा त्यात आहे. आमची ड्रुइड चंद्रमंडळ या उपशाखेची, ती त्यात नाही. तिचं पान वहीत घातलेलं नाही, ते टेबलावरच्या विकत घेतलेल्या पुस्तकातून बघतो.

पद्धत अशी: भाची इंग्रजी नियम वाचणार, ड्रुइड तो आपल्या शब्दांत मराठीत सांगणार. तिला एका दमात सांगता आला नाही तर तो नियम पुन्हा लिहायचा. मग मत.

दमछाकीला दोन मिनिटं लागली. जुन्या आवृत्तीत सहा पायऱ्यांचा तक्ता होता, जो सात वर्षांत कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. नव्यात दर पायरीला विसाच्या फाशातून दोन वजा आणि वेग पाच फुटांनी कमी. सगळ्यांचे हात वर. कुपी बोनस ॲक्शनमध्ये, हेही एकमताने झालं. पॅलाडिनने हात वर केला तेव्हा तो वर बघत नव्हता.

गाफीलवर मात्र दोन तास गेले. पॅलाडिन आणि मी जुन्याच्या बाजूचे. छापा पडला तर दुखलं पाहिजे, नाहीतर घाटात पहारा कशाला ठेवायचा? या खेळाच्या गाभ्याचा प्रश्न आहे तो, आणि अजूनही मला ते मनातून पटतं. पण ड्रुइडने वेगळं मोजलं. आमच्या टेबलावर एक फेरी व्हायला अर्धा तास लागतो. मेगाब्लॉकमध्ये डोंबिवलीहून दोन तास उभं राहून आलेल्या माणसाला आल्या आल्या अर्धा तास हात बांधून बसवायचं, हा नियम मुंबईतल्या टेबलाला परवडत नाही. पॅलाडिनच म्हणाला, “घ्या नवा.”

मग त्याने एक अट घातली आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटते. नियम नवा असेल तर शब्दही नवा हवा. गाफील म्हणजे पाळी गेली, हे आमच्या अंगात भिनलेलं आहे. त्याच शब्दाखाली नवा नियम लिहिला तर पुन्हा कुणीतरी दोन अर्थ ऐकेल. म्हणून वहीत ‘बेसावध’ लिहिलं आणि गाफील हा शब्द आम्ही टेबलावरून काढून टाकला. जीव तुटला, पण केलं.

स्माइटवर आम्ही कुठल्याच पुस्तकाचं ऐकलं नाही. पाळीत एकदाच, हे नव्यातलं घेतलं. पण तो मंत्र मानायचा नाही, शत्रूला तो मध्येच मोडता येणार नाही, हे जुन्यातलं ठेवलं.

विझार्डने पहिल्या दोन बैठकांना खूप मदत केली. त्याचा आक्षेप होता की कंपनी उद्या पुन्हा फिरेल. मी लायसन्सचा मजकूर त्याच्यासमोर ठेवला, मागे घेता येत नाही हे त्याला पटलंही. पण वहीच्या पहिल्या पानावर श्रेय म्हणून कंपनीचं नाव येणार, हे त्याला सहन होईना. जे घर आपल्याला लुटायला निघालं होतं त्याचं नाव आपल्या मराठी वहीवर नको, असं त्याचं म्हणणं. ते नाव काढणं लायसन्समध्ये बसत नाही. मे महिन्यात तो गेला. मुलुंडला पाथफाइंडर चालवतो, आणि भाची महिन्यातून एकदा त्याच्याकडेही खेळते. त्याच्या जागी कुणाला बसवलेलं नाही. मला त्याचा राग नाही. २०२३ मध्ये त्याच्यासारखे लोक अडून बसले म्हणूनच मला आज ही वही कायदेशीरपणे वाटता येते.

जूनमध्ये खेळ पुन्हा सुरू झाला. जुनी मोहीम आहे तिथेच थांबवली आहे. पॅलाडिनवाला आता क्लेरिक (पुजारी) खेळतो. त्या घडी घातलेल्या कागदाबद्दल त्याला कुणी विचारत नाही. भाचीच्या दोन मैत्रिणी आल्या आहेत. त्यांतली एक पहिल्याच दिवशी वही वाचून आली आणि विसाव्याच्या नियमावरून तिने मला बरोबर पकडलं. सात वर्षांत टेबलावर असं पहिल्यांदा झालं.

दादर स्टेशनबाहेर झेरॉक्स काढून वहीला स्पायरल लावलं आहे, तरी ती अजून पूर्ण नाही. बोनस ॲक्शनला शब्द सापडत नव्हता. ‘उपकृती’ सरकारी वाटलं, ‘जोडकाम’ ऐकून ड्रुइड हसली. गेल्या बैठकीत भाची कुपी उचलताना म्हणाली, “काका, घाव घालते, आणि बोनसमध्ये औषध पिते.” क्लेरिक परातीतला फासा उचलत म्हणाला, “जाता जाता पिते म्हण.” ड्रुइडने ते स्वतःशी दोनदा म्हणून बघितलं आणि वही पुढे ओढली. सध्या पेन्सिलीने लिहिलं आहे.